पांढरा टॅग

एन शेड, डर्बन बंदर
२२ नोव्हेंबर २००४

मालुमे,

फोन केला की तुम्ही "कोण? कोण?" करता आणि मग रागावून ठेवून देता, म्हणून पत्र. तुमचे कान गेले तरी डोळे शाबूत आहेत, आणि माझं अक्षर तुम्हीच छडी घेऊन घटवलंय. आईच्या भावाचा हा मान तुम्ही पुरेपूर वसूल केलात. तेव्हा आता वाचायला कुरकुर नको.

हंगाम सुरू झाला. शुक्रवारी पहिलं जहाज लागलं. सकाळी दोन हजार माणसं उतरवायची, दुपारी दुसरी दोन हजार चढवायची, आणि मधल्या मधे आपण. बाकी सगळं तुमच्या वेळेसारखंच आहे. लोक आदल्या रात्री बॅगा खोलीबाहेर ठेवतात, प्रत्येक मजल्याच्या टॅगचा रंग वेगळा, आणि रंग पुकारल्याशिवाय कुणी खाली उतरायचं नाही. तुमच्या वेळेसारखाच एक शहाणाही निघाला. सगळे कपडे बॅगेत भरून बॅग बाहेर ठेवली, सकाळी अंगावर उरला तो पायजमा. पिवळा पुकारल्यावर साहेब पायजम्यात, मान ताठ ठेवून आले. बायको मागून म्हणत होती, "मी ओरडत होते, एक पँट बाहेर ठेव म्हणून!" आमचे हमाल बॅगांच्या पिंजऱ्यांमागे तोंडं लपवून उभे.

आता तुमच्या जागेवर उभी राहून मीच रंग पुकारते. तुम्ही निवृत्त होताना सांगितलं होतंत, "ओरडायचं नाही. घरच्या माणसाला जेवायला हाक मारतेस, तशी मार." तशीच मारते. तुमची सर येत नाही, असं आपला हमाल दुमिसानी दर शुक्रवारी न विसरता सांगतो.

जहाज मात्र डोकेदुखी आहे. नाव सदर्न लँटर्न, रंग कोरा करकरीत. पण सामानाचं दार एकच, तेही डाव्या अंगाला, त्यामुळे आख्खं जहाज उलटं फिरवून धक्क्याला लावावं लागतं. उंबरा इतका उंच की प्रत्येक पिंजरा वीतभर उचलून काढायचा. दुमिसानीची कंबर धरलीय.

काल टॅगांचे गठ्ठे सोडताना पांढरा गठ्ठा हाती आला. पांढरा आपण कुणालाच देत नाही. तुम्ही उरलेले टॅग घरी आणायचात, आणि मी नि वेलाफी ते शेळ्यांच्या गळ्यात बांधून बंदर बंदर खेळायचो, आठवतं? तुमचा लेक दरवेळी पांढरा स्वतःला घ्यायचा आणि डबड्याची बॅग घेऊन सगळ्यांत शेवटी उतरायचा. "शेवटी उतरणाऱ्याला गर्दी लागत नाही," म्हणायचा. त्याला जाऊन सात वर्षं झाली. गठ्ठा मी परत कपाटात ठेवला.

मामीला, माझ्या मा-ला, माझा नमस्कार. तिच्या हातचं दही खाऊन किती दिवस झाले.

तुमची
खेथिवे

*

मपुमुलो
१ डिसेंबर २००४

मशाना खेथिवे,

भाचीचं पत्र पोचलं. तुझी मा, मामखिझे, बरी आहे. मका गुडघ्याएवढा झाला.

त्या जहाजाबद्दल विचारायचं होतं. दाराच्या उंबऱ्याला, आत शिरताना उजव्या हाताला, पत्र्याचं ठिगळ आहे का? रंगाखाली दिसणार नाही. हात फिरवून बघ. आणि कपडे धुवायची जागा कुठे आहे? दारातून आत गेल्यावर दोन जिने खाली उतरावं लागतं का?

सहज विचारतोय.

मुझिकायिसे म्थेंबू

*

एन शेड
९ डिसेंबर २००४

मालुमे,

सहज! चाळीस वर्षांत तुम्ही एक प्रश्न तरी सहज विचारलात का? मला ठाऊक आहे काय झालंय ते. तुम्हाला घरी करमत नाही. मका वाढताना बघत बसणारा माणूस तुम्ही नाही. दुमिसानी म्हणतो, "म्हाताऱ्याला बंदराचा वास पाहिजे, बाटलीत भरून पाठव."

तुमच्या समाधानासाठी हात फिरवून पाहिला. ठिगळ आहे, बुटाच्या तळव्याएवढं. इस्त्रीवाल्या फिलिपिनो माणसाला विचारलं, तर धुलाईची जागा दोन जिने खालीच निघाली. झालं समाधान? आता तुम्ही असं करा, एखाद्या शुक्रवारी इकडे या. हॉलमध्ये खुर्ची मांडते, चहात चार चमचे साखर घालते, आणि तुम्ही बसल्या बसल्या माझ्या चुका काढा. जुनी माणसं खूश होतील.

खेथिवे

*

मपुमुलो
१५ डिसेंबर २००४

मशाना,

मला खुर्ची नको आणि चहाही नको.

ते जहाज सदर्न लँटर्न नाही. ती एल्विरा आहे. पंचाण्णव साली पिंजरा आपटून तिच्या उंबऱ्याचा पत्रा फाटला, तेव्हा वेल्डरला ठिगळाचं माप म्हणून मी माझा बूट काढून दिला होता. नाव पुसलं, रंग फासला, पण माझ्या बुटाचं माप तिथं अजून आहे.

वेलाफी त्याच जहाजावर गेला. दोन जिने खाली, इस्त्रीच्या यंत्रापाशी, मॉरिशसच्या वाटेवर. छाती बंद पडली असं कागदावर लिहून आलं. सत्तावीस वर्षांचा धडधाकट मुलगा. विमानाने पेटी आली, आपण ती पुरली, बोकड कापला, माणसं जेवून गेली. पण त्याला आणायला कोण गेलं? जिथं माणूस गेला तिथं उम्लाहलांकोसीच्या काटेरी झाडाची फांदी घेऊन जायचं, त्याला नावाने हाक मारायची, चल घरी म्हणायचं. हे तुला मी काय सांगायचं. जायचं तरी कुठे होतं? जहाज युरोपात गेलं, मग विकलं म्हणे. पेटी घरी आली, वेलाफी तिथेच राहिला.

त्याला ती नोकरी मी लावली. मामखिझे नको म्हणत होती. मी म्हणालो, "बाप आयुष्यभर धक्क्यावर उभा राहिला, पोराला तरी पलीकडचं दिसू दे." हे वाक्य मी रोज ऐकतो. त्याला कान लागत नाहीत.

पेरणी झाल्यापासून एकच स्वप्न पडतंय. हॉल रिकामा आहे. वेलाफी बाकावर बसलाय, शेजारी बॅग उभी. म्हणतो, "बाबा, सगळे रंग झाले. माझा कधी पुकारणार?" मी तोंड उघडतो आणि माझाच आवाज मला येत नाही.

मला त्या जहाजावर चढायचंय. दहा मिनिटं पुरेत. जहाज किती दिवस आहे ते कळव.

म्थेंबू

*

डर्बन
२८ डिसेंबर २००४

मालुमे, म्वेलासे,

तुमचं पत्र पिंजऱ्यांमागे बसून वाचलं. दुमिसानीने विचारलं काय झालं, म्हटलं डोळ्यात धूळ गेली. म्हणाला, "दोन्ही डोळ्यांत एकदम?"

मी तुमची थट्टा केली. वर तुम्हाला कुळाच्या नावाने हाक मारलीय ती त्यासाठीच, माफ करा. रोज त्या दारातून आत-बाहेर करत होते, आणि तो दोन जिने खाली होता.

चौदा जानेवारीच्या शुक्रवारी जहाज शेवटचं लागतंय. त्याच दुपारी ब्राझीलकडे जाणार, आणि परत काही यायचं नाही. म्हणजे तोच एक दिवस आपल्या हातात आहे. पासाचं कचेरीत बघतेय. तुम्ही त्याची काळजी करू नका, तुम्ही फक्त या.

एक विचारू? समजा काही अडलंच, तर मी फांदी घेऊन वर गेले तर चालेल का? खोल्यांबाहेर एकही बॅग राहिली नाही ना, हे पाहून सही करायला मला दर फेरीला वर जावंच लागतं. नुसतं विचारतेय.

खेथिवे

*

मपुमुलो
५ जानेवारी २००५

खेथिवे,

चालणार नाही. म्थेंबूंच्या मुलाला आणायला म्थेंबूच जातो. तू न्गिडींची मुलगी, त्यातून बाईमाणूस. माझा तुझ्यावर जीव आहे, म्हणून काही रीत बदलत नाही. पुन्हा विचारू नकोस.

ओढ्याकाठचं झाड बघून ठेवलंय. काटे नीट आहेत, एक सरळ आणि एक आकडा, पुढची वाट आणि मागची वाट. गुरुवारी फांदी तोडून तुझ्याकडे मुक्कामाला येतो. मामखिझेने माझा हॉलचा कोट उन्हात टाकलाय. तो पोटावर बसत नाही, पण मी घालणार.

फांदी घेऊन जहाजातून उतरलो की घरी पोचेपर्यंत मी कुणाशी बोलणार नाही, फक्त त्याच्याशी. हॉलमधल्या सगळ्यांना तेवढं सांगून ठेव. टॅक्सीत दोन जागा धर.

मामखिझे सात वर्षांत पहिल्यांदा अंगण सारवताना गुणगुणतेय. मी तिला काही बोललो नाही, उगाच थांबायची.

म्थेंबू

*

मपुमुलो
१७ जानेवारी २००५

मशाना खेथिवे,

हॉल उरकायला शुक्रवारी मी मागे राहिलो, आणि शनिवारी तुझी टॅक्सी खाली येत होती तेव्हा माझी वर जात होती. स्टँगरच्या चढावर कुठेतरी आपण एकमेकांना ओलांडलं असणार. भेटलो असतो तरी मला काय ऐकू येणार होतं. तेव्हा हॉलमधलं मी लिहितो, जहाजावरचं तू लिही.

आधी भांडतो. गुरुवारची आख्खी संध्याकाळ तू मला शेंगा खायला घातल्यास, पायाला तेल लावलंस, आणि पासाबद्दल तोंडातून शब्द काढला नाहीस. शुक्रवारी सकाळी हॉलमध्ये, मी कोटाची बटणं लावत असताना, हातात चिठ्ठी दिलीस. "कचेरीने तीन आठवड्यांपूर्वीच नाही म्हटलंय. हॉलच्या माणसाशिवाय कुणालाही चढू देत नाहीत. सांगायची हिंमत झाली नाही." मी काय बोललो ते मला ऐकू आलं नाही, पण दुमिसानीचं तोंड बघून कळलं की बरंच बोललो. त्यातलं तुझ्या बापाबद्दलचं असेल ते मागे घेतो.

पिंजरे उतरायला लागले होते. ठिगळाचा तो उंबरा मला धक्क्यावरून दिसत होता, आणि मी तिथवर जाऊ शकत नव्हतो. तू माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस आणि सावकाश बोललीस, ओठ वाचता यावेत म्हणून. "मा-ने आम्हा दोघांना एकदमच पाजलंय. एका बाजूला तो, एका बाजूला मी."

तुझी आई तेव्हा शहरात दुसऱ्यांची मुलं सांभाळत होती. मामखिझे दोघांना घेऊन बसायची आणि म्हणायची, "हा झोपतो, ही भांडते." मी चौदा जणांसमोर रीत सांगत उभा होतो आणि मला ते दिसलं. त्याला त्या जहाजात कुणाची हाक आधी ओळखू येईल, माझी की तुझी? मी तुझ्या हातात फांदी दिली. रीत मोडली असेल तर जाब मी देईन, तिकडे गेल्यावर.

तू आत गेल्यावर दुमिसानीच्या लक्षात आलं. उतरताना तू बोलणार नाहीस. मग रंग पुकारणार कोण? सगळे माझ्याकडे बघायला लागले. साडेतीन वर्षांनी मी माईक हातात घेतला. दुमिसानी टॅग वर धरायचा, मी रंग पुकारायचो. हिरवा गेला, पिवळा गेला. माणसं येऊन काहीबाही विचारत होती, मला ऐकू येत नव्हतं, मी प्रत्येकाला सांगत होतो, "येतेय, तुमची बॅग येतेय." एक बाई तीनदा आली, तीनदा तेच सांगितलं. मग कळलं, तिला संडास कुठे ते हवं होतं. पण हॉल चालला, खेथिवे. एकही बॅग चुकली नाही. तेवढा वेळ मी माझं वय विसरलो, हे कबूल करतो.

मग तू दारात दिसलीस. रोपं-फळं तपासणाऱ्या पिल्लेने तुला अडवलं. तो फांदीकडे बोट दाखवत होता, तू गप्प, तुझ्यामागे रांग तुंबलेली. मला वाटलं, इथवर आणून आता हा काढून घेणार. आणि पिल्लेने डोक्यावरची टोपी काढली आणि बाजूला झाला. काय बोलणं झालं ते लिही.

तेव्हा मला ते दिसलं. फांदीला पांढरा टॅग. तो तू कधी बांधलास?

मी माईक तोंडाशी धरला आणि पुकारलं. "पांढरा. पांढरा टॅग. वेलाफी म्थेंबू." तू चालत राहिलीस, मागे वळून पाहिलं नाहीस. वळायचं नसतंच. मग तू बाहेर उन्हात गेलीस.

नंतर दुमिसानीने मला माईकची तार दाखवली. जमिनीवर सुटून पडली होती, कुणाच्या तरी ढकलगाडीने ओढली गेली असेल. केव्हा सुटली कुणालाच ठाऊक नाही. त्यांना विचारलं तर सगळे नुसते माना डोलावतात, म्हाताऱ्याला खूश ठेवायला. मला माहीत नाही, मी पुकारलं की स्वप्नातल्यासारखं नुसतं तोंड हलवलं. घरी आल्यापासून मी झोपायला घाबरतोय. तो बाकावर दिसला तर?

माझा आवाज आला का? खरं लिही. मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस. तू एकदा तसं केलंयस.

मुझिकायिसे म्थेंबू

*

एन शेड
२४ जानेवारी २००५

मालुमे, म्वेलासे,

पत्र आज मिळालं आणि आजच उत्तर टाकतेय, म्हणजे तुम्ही आणखी जागे राहू नका. खोटं बोलले होते, हे कबूल. कचेरीचं मन वळवेन असं शेवटपर्यंत वाटत होतं. आता यातलं एक अक्षरही खोटं नाही.

जहाजावरचं आधी. सगळे मजले फिरून सही केली आणि दोन जिने खाली गेले. खाली वाफ, साबणाचा वास, कानठळ्या बसवणारी यंत्रं. त्या फिलिपिनो माणसाचं नाव रॅमिल. कशाला आले ते सांगितल्यावर, तुमचा मामेभाऊ इथेच गेला का, एवढंच त्याने विचारलं, आणि इस्त्रीचं यंत्र बंद केलं. मग इतरांनीही आपापली यंत्रं बंद केली. मी फांदी जमिनीला टेकवली. तुम्ही शिकवलेलं सगळं विसरले, मालुमे. म्हणाले, "वेलाफी, मी आहे, खेथिवे. बाबा खाली उभे आहेत, त्यांना वर सोडत नाहीत. मा घरी वाट बघतेय. चल आता." खिशात पांढरा टॅग होता. तो सकाळीच कपाटातून काढला होता, का काढला ते मला सांगता येणार नाही. मजल्याच्या जागी काही लिहिलं नाही. नाव लिहिलं, मपुमुलो लिहिलं आणि फांदीला बांधला.

पिल्ले म्हणाला, "बाई, झाडपाला उतरवायला बंदी आहे. काय आहे हे?" मी गप्प. पिंजऱ्यावरचा आपला एक हमाल ओरडला, "साहेब, ती बोलायची नाही. माणूस घेऊन चाललीय." पिल्लेने टॅग वाचला. पिढ्यान्‌पिढ्यांचा डर्बनचा माणूस, त्याला काय सांगायला लागतंय. टोपी काढली आणि म्हणाला, "मग त्यांना थांबवू नका."

त्यांना म्हणाला, मालुमे. मला एकटीला नव्हे.

टॅक्सीत फांदी खिडकीशी ठेवली, मी शेजारी बसले. एक जाडजूड बाई आत शिरून म्हणाली, "ती जागा रिकामीच आहे की!" ड्रायव्हरने आरशात बघून सांगितलं, "मावशी, तिथं माणूस बसलाय." ती बिचारी ओशाळली आणि वाटभर त्याच्यासाठी पाय आखडून बसली. प्रत्येक नदीला मी त्याला सांगत गेले. ही उम्गेनी, ही उम्डलोटी, ही उम्वोटी. चढ लागल्यावर गावच्या शाळेचं छप्पर दाखवलं, नवं आहे ते, त्याने पाहिलं नव्हतं. तो असता तर म्हणाला असता, "एवढी बडबड नको, मला दिसतंय."

मा फाटकात उभी होती. टॅगवर अंगठा फिरवला आणि म्हणाली, "उशीर केलास रे." फांदी तिच्या हाताने आतल्या भिंतीशी, पूर्वजांच्या जागेवर ठेवली. तिने दह्याचे दोन वाडगे भरले. एकातलं मी खाल्लं.

आता तुमचा प्रश्न.

माईक बंद होता. मी दारात होते तेव्हाच तार सुटली, मी स्वतः पाहिली. हॉलमध्ये हा गोंगाट, पिंजऱ्यांची चाकं, रडणारी मुलं, आणि तुमच्या हातात नुसता दांडा. बोलता येत असतं तर ओरडून सांगितलं असतं.

आणि तुम्ही पुकारलंत. मालुमे, कान गेल्यापासून तुम्ही किती मोठ्याने बोलता याची तुम्हाला कल्पना नाही. हमालांचे हात जागच्या जागी थांबले. सगळे प्रवासी आपापल्या हातातला टॅग बघायला लागले, आपला पांढरा आहे का म्हणून. कुणाचाच नव्हता. मग ते एकेक करून बाजूला झाले आणि माझ्यापासून उन्हापर्यंत सगळी वाट मोकळी झाली.

तो आवाज मी ओळखते. संध्याकाळी शेळ्या घेऊन आम्ही पलीकडच्या टेकडीवर असायचो आणि तुम्ही दारातून आम्हाला जेवायला हाक मारायचात, तोच.

मला त्याच्याशी तेवढं बोलायची मुभा होती. मी फांदी छातीशी धरली आणि म्हटलं, "ऐकलंस ना? तुझा रंग. चल ऊठ, आता गर्दी नाही."

तुमची
खेथिवे